किल्ली कोणाच्या हाती? : क्लाउडमधील माहितीचे संरक्षण

स्वतःच्या इमारतीत संगणक, वातानुकूलन, अखंड वीजपुरवठ्याची सोय आणि या साऱ्याची निगा राखणारे तंत्रज्ञ पदरी बाळगण्याऐवजी, दुसऱ्या कंपनीने उभारलेल्या अवाढव्य डेटा सेंटरमधील साठवणक्षमता आणि गणनशक्ती इंटरनेटवरून हवी तेव्हा, हवी तेवढी भाड्याने घेण्याच्या पद्धतीला क्लाउड संगणन असे म्हणतात. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये ‘एस-थ्री’ ही साठवणसेवा खुली केल्यानंतर या पद्धतीचा व्यावसायिक प्रसार झाला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ती भारतातही रुजली. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई येथील केंद्रांतून सेवा देण्यास प्रारंभ केला, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये आपला मुंबई विभाग उघडला, गूगलनेही २०१७ मध्ये मुंबईचीच निवड केली, तर केंद्र सरकारने आपल्या कारभारासाठी ‘मेघराज’ या नावाने क्लाउडचा स्वतंत्र उपक्रम आखला. आज बँकेतील व्यवहारांच्या नोंदी, रुग्णालयातील तपासणी अहवाल, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका आणि घरोघरीची छायाचित्रे अशा केंद्रांत साठवलेली असतात, आणि ती ज्यांची आहेत त्यांनी ते केंद्र कधी पाहिलेले नसते.

या स्थलांतरामुळे माहितीवरील धोक्याचे स्वरूपच पालटले. पूर्वी एखाद्या संस्थेच्या माहितीपर्यंत पोहोचण्यासाठी तिच्या इमारतीत किंवा अंतर्गत जाळ्यात शिरावे लागे, आणि म्हणून संरक्षणाचा भर त्या जाळ्याच्या सीमेवर पहारा बसवण्यावर होता. क्लाउडमध्ये साठवणीची नवी जागा तयार करणे, तिच्यातील मजकूर वाचणे, त्याची प्रत काढणे, ती इतरांना खुली करणे आणि सारे काही पुसून टाकणे ही प्रत्येक कृती इंटरनेटवरून पाठवलेल्या आज्ञेने होते. आज्ञेसोबत वैध ओळखपत्र असेल, म्हणजे योग्य पासवर्ड, गुप्त संकेत किंवा तात्पुरता परवाना असेल, तर ती आज्ञा जगाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली याची फिकीर न करता यंत्रणा ती पाळते, निदान तशी अट कोणी मुद्दाम घातलेली नसेल तोवर तरी पाळते. त्यामुळे क्लाउडमधील मोठ्या चोऱ्यांचा इतिहास तपासला तर कुलूप फोडल्याची उदाहरणे विरळाच आढळतात. बहुतेक ठिकाणी खरीच किल्ली भलत्या हाती गेलेली असते, किंवा ज्याच्या हाती ती होती त्याला गरजेपेक्षा कितीतरी अधिक दारे उघडण्याची मुभा दिलेली असते.

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न येथेच उद्भवतो. क्लाउड कंपन्या आपल्या करारांत ‘सामायिक जबाबदारी’ नावाचे तत्त्व मांडतात. इमारतीची सुरक्षा, यंत्रसामग्री, विजेची सोय आणि अनेक ग्राहकांना एकाच यंत्रावर परस्परांपासून अलग ठेवणारी मूळ प्रणाली ही कंपनीची बाजू. त्यावर कोणती माहिती ठेवली, ती कोणाला वाचता येते, कोणत्या खात्यांना कोणते अधिकार आहेत आणि नोंदी कोण तपासतो ही ग्राहकाची बाजू. ही सीमारेषा सेवेच्या प्रकारानुसार सरकते. केवळ यंत्र भाड्याने घेतले तर त्यावरील कार्यप्रणालीच्या दुरुस्त्याही ग्राहकानेच कराव्या लागतात. ईमेलसारखी तयार सेवा घेतली तर ते काम कंपनीकडे जाते. परंतु कोणाला काय पाहता यावे हे ठरवण्याचे काम मात्र कोणत्याही प्रकारात ग्राहकाकडून सुटत नाही. ‘नामांकित कंपनीकडे ठेवले आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ या समजुतीने जितके नुकसान केले आहे तितके फार थोड्या तांत्रिक दोषांनी केले असेल.

कॅपिटल वन या अमेरिकी बँकेवरील २०१९ चा हल्ला या संदर्भात बारकाईने समजून घेण्याजोगा आहे, कारण ती बँक निष्काळजी किंवा मागासलेली म्हणून ओळखली जात नव्हती; उलट क्लाउडचा धडाडीने स्वीकार करणाऱ्या अमेरिकी बँकांत ती अग्रेसर होती. तिच्या वेब प्रणालीपुढे एक संरक्षक गाळणी बसवलेली होती, जिचे काम बाहेरून येणाऱ्या विनंत्या तपासून संशयास्पद विनंत्या अडवणे हे होते. या गाळणीच्या मांडणीत चूक राहिली होती आणि तिच्यामुळे बाहेरच्या व्यक्तीला तिच्याकरवी आतल्या पत्त्यांवर विनंत्या पाठवता येत होत्या. क्लाउडमधील प्रत्येक यंत्राला १६९.२५४.१६९.२५४ या ठरावीक अंतर्गत पत्त्यावर स्वतःविषयीची माहिती विचारता येते आणि त्याच पत्त्यावर त्या यंत्राला नेमून दिलेल्या भूमिकेचा, म्हणजे अधिकारांच्या संचाचा, तात्पुरता परवानाही मिळतो. बाहेरून हा पत्ता गाठता येत नाही. पण ज्या यंत्राला तो गाठता येतो त्या यंत्रालाच फसवून विचारायला लावले, तर उत्तर विचारणाऱ्याच्या हाती पडते. हल्लेखोराने नेमके हेच केले.

इथवरचा दोष गंभीर असला तरी त्यातून होणारी हानी मर्यादित राहू शकली असती. गाळणीचे काम विनंत्या तपासण्याचे. तिला ग्राहकांच्या अर्जांचा साठा वाचण्याचे प्रयोजन नव्हते. तरीही तिच्या भूमिकेला साठवणीच्या सातशेहून अधिक कप्प्यांची यादी पाहण्याचा आणि त्यांतील मजकूर उतरवून घेण्याचा अधिकार दिलेला होता. परिणामी अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली, जिच्यात मुख्यत्वे २००५ पासून २०१९ च्या प्रारंभापर्यंत आलेल्या क्रेडिट कार्डांच्या अर्जांचा समावेश होता. ही चोरी मार्च २०१९ मध्ये झाली आणि बँकेला ती जुलैमध्ये कळली, तीही स्वतःच्या यंत्रणेमुळे नव्हे. बाहेरच्या एका व्यक्तीने ईमेल पाठवून इशारा दिला तेव्हा. नियामकाने पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड केला. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या अंतर्गत पत्त्यासाठी नवी पद्धत आणली, जिच्यात आधी वेगळ्या विनंतीद्वारे सत्र-संकेत मिळवावा लागतो आणि फसवून विचारायला लावण्याची ही रीत बहुतांशी निष्फळ होते.

ज्या तत्त्वाच्या अभावी ही हानी इतकी वाढली ते नवे नाही. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात किमान अधिकाराचे तत्त्व मांडले होते : प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक वापरकर्त्याला आपले काम पार पाडण्यापुरतेच अधिकार असावेत. क्लाउडमध्ये हे पाळणे अवघड जाते, कारण तिथे माणसांच्या खात्यांपेक्षा यंत्रांची आणि सॉफ्टवेअरची खाती अधिक असतात, अधिकारांचे बारीकसारीक प्रकार हजारोंनी मोजावे लागतात, आणि काम अडले की घाईत एखादा व्यापक अधिकार देऊन मोकळे होण्याचा मोह प्रत्येक चमूला होतो. एकदा दिलेला अधिकार परत घेण्याची आठवण सहसा कोणाला राहत नाही. म्हणून गेल्या नव्वद दिवसांत कोणते अधिकार वापरलेच गेले नाहीत याची यादी काढून ते काढून घेण्याचे कंटाळवाणे काम नियमाने करणाऱ्या संस्था, महागडी संरक्षण उत्पादने विकत घेणाऱ्या संस्थांपेक्षा अनेकदा अधिक सुरक्षित असतात.

माणसांच्या खात्यांबाबतचा धडा २०२४ मध्ये मिळाला. स्नोफ्लेक या कंपनीच्या क्लाउडमध्ये अनेक मोठ्या संस्था विश्लेषणासाठी आपली माहिती ठेवतात. त्यांपैकी सुमारे १६५ संस्थांच्या खात्यांना धोका पोहोचला असण्याची शक्यता तपासकर्त्यांनी वर्तवली. तिकीटविक्री करणारी टिकेटमास्टर आणि दूरसंचार क्षेत्रातील एटी अँड टी या कंपन्या बाधितांत होत्या, आणि एटी अँड टीच्या जवळपास सर्व मोबाइल ग्राहकांच्या २०२२ मधील सहा महिन्यांच्या कॉल आणि संदेशांच्या नोंदी, म्हणजे कोणी कोणत्या क्रमांकाशी संपर्क साधला याचा तपशील, चोरीस गेला. स्नोफ्लेकची मूळ प्रणाली फोडल्याचा पुरावा तपासात आढळला नाही. कर्मचाऱ्यांच्या आणि कंत्राटदारांच्या संगणकांत शिरून तिथे जतन केलेले पासवर्ड चोरणाऱ्या सॉफ्टवेअरने ही ओळखपत्रे फार पूर्वीच लांबवली होती. काही पासवर्ड २०२० पासून चोरट्या बाजारात होते आणि तरीही चालत होते, कारण ते कोणी बदलले नव्हते आणि त्या खात्यांवर पासवर्डखेरीज दुसरी तपासणी नव्हती.

या दुसऱ्या तपासणीला बहुघटक प्रमाणीकरण म्हणतात. माणसाला ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे पासवर्ड, त्याच्याजवळ असलेली वस्तू म्हणजे फोन किंवा छोटे सुरक्षा-यंत्र, आणि त्याच्या शरीराचे लक्षण म्हणजे बोटाचा ठसा, यांपैकी किमान दोन घटक पटल्याखेरीज प्रवेश न देण्याची ही रीत आहे. एसएमएसने येणारा ओटीपी हा तिचा परिचित प्रकार, परंतु तोच सर्वांत दुबळाही आहे. बनावट संकेतस्थळावर पासवर्ड टाकणारा माणूस त्याच ओघात ओटीपीही टाकतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात जपलेली डिजिटल किल्ली, आणि सुरक्षा-यंत्रे ज्या पद्धतीने चालतात तिच्यात संकेतस्थळाचा खरा पत्ता गणिती उत्तरात गुंफलेला असतो, त्यामुळे बनावट पत्त्यावर माणूस फसला तरी यंत्र फसत नाही. क्लाउडचे संपूर्ण नियंत्रण ज्यांच्या हाती असते त्या मोजक्या प्रशासकीय खात्यांना तरी हीच पद्धत सक्तीची असावी.

क्लाउड कंपनीची स्वतःची बाजू अभेद्य असते असेही नाही. चीनशी संबंध असलेल्या एका गटाने २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टची ईमेल सेवा वापरणाऱ्या अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांच्या टपालपेट्या उघडल्या आणि परराष्ट्र खात्यातून सुमारे ६० हजार ईमेल उतरवून घेतले. त्यासाठी त्यांनी मायक्रोसॉफ्टची २०१६ मध्ये तयार झालेली एक स्वाक्षरी-किल्ली वापरली, जी सर्वसामान्य ग्राहकांच्या खात्यांसाठी होती पण प्रणालीतील दोषामुळे संस्थांच्या खात्यांनाही चालत होती, आणि ती किल्ली नेमकी कशी चोरीस गेली याचा निश्चित उलगडा कंपनीला करता आला नाही. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा पुनरावलोकन मंडळाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात ही घुसखोरी टाळता येण्याजोगी होती असा स्पष्ट निष्कर्ष काढला. या प्रकरणातील सर्वांत उद्बोधक भाग वेगळाच आहे. ही घुसखोरी ग्राहकाने, म्हणजे परराष्ट्र खात्याने, हुडकली. आणि ती हुडकता आली कारण कोणत्या सॉफ्टवेअरने कोणती टपालपेटी वाचली याच्या सविस्तर नोंदी त्या खात्याने जादा पैसे मोजून घेतल्या होत्या. ज्यांच्याकडे या नोंदी नव्हत्या त्यांना घुसखोरीची चाहूल लागण्याचा मार्गच नव्हता. टीकेनंतर मायक्रोसॉफ्टने अशा अनेक नोंदी जादा शुल्काविना उपलब्ध केल्या, आणि ते योग्यच झाले; आपल्या घरात कोण शिरले हे कळण्याचा हक्क चैनीची वस्तू म्हणून विकला जाऊ नये.

संरक्षणाचा विषय निघाला की एन्क्रिप्शनचे, म्हणजे कूटलेखनाचे नाव प्रथम घेतले जाते. किल्ली नावाच्या एका मोठ्या यादृच्छिक संख्येच्या साहाय्याने मजकुराचे अशा रूपात परिवर्तन करणे, की किल्लीवाचून त्यातून अर्थ काढता येऊ नये, हा त्याचा गाभा. क्लाउडमध्ये साठवलेल्या माहितीसाठी सर्वत्र वापरली जाणारी एईएस ही पद्धत योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियमच्या दोन कूटलेखनतज्ज्ञांनी रचली आणि अमेरिकेने २००१ मध्ये तिला मानक म्हणून मान्यता दिली. तिची २५६ बिटांची किल्ली एकेक शक्यता तपासून शोधणे आजच्या किंवा नजीकच्या भविष्यातील कोणत्याही संगणकाला शक्य नाही. प्रत्यक्षात प्रत्येक फाइलसाठी वेगळी किल्ली तयार होते, त्या किल्ल्या आणखी एका मुख्य किल्लीने कूटबद्ध केल्या जातात, आणि ती मुख्य किल्ली छेडछाड होताच स्वतःतील मजकूर पुसून टाकणाऱ्या विशेष यंत्रात ठेवली जाते, जिथून ती कधी बाहेर येत नाही.

तथापि कूटलेखनाची मर्यादाही कॅपिटल वनच्याच प्रकरणात दिसून आली. तिथली माहिती कूटबद्ध होती. पण ज्या भूमिकेला ती वाचण्याचा अधिकार होता तिच्यासाठी यंत्रणा ती आपोआप उलगडून देत होती, आणि हल्लेखोर त्याच भूमिकेच्या वेषात आला होता. डिस्क चोरीला गेली तर हे कूटलेखन कामी येते, ओळखपत्र चोरीला गेले तर येत नाही. त्याच बँकेने सामाजिक सुरक्षा क्रमांकांसारखे काही निवडक रकाने टोकनीकरणाने झाकले होते, म्हणजे मूळ क्रमांक वेगळ्या प्रणालीत ठेवून त्याजागी निरर्थक पर्यायी क्रमांक लिहिला होता. ज्या नोंदींबाबत हे केले होते त्या नोंदींतील क्रमांक सुरक्षित राहिले. अतिसंवेदनशील माहितीची उलगडण्याची किल्ली ती माहिती जिथे आहे त्याच अधिकारकक्षेत ठेवू नये, हा त्यातला तांत्रिक अर्थ. काही संस्था म्हणूनच माहिती क्लाउडकडे पाठवण्यापूर्वी स्वतःच्या संगणकावर कूटबद्ध करतात आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतात. यात क्लाउड कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही, मात्र किल्ली हरवली तर कोणीही मदत करू शकत नाही. खंडणीखोरांनी या गुणधर्माचा उलटा उपयोगही केला आहे : २०२५ च्या प्रारंभी उघड झालेल्या एका प्रकारात त्यांनी चोरलेल्या ओळखपत्रांनी ॲमेझॉनच्या साठवणीत प्रवेश मिळवला आणि ग्राहकाने स्वतःची किल्ली पुरवण्याची अधिकृत सोय वापरून सारी माहिती स्वतःच्या किल्लीने कूटबद्ध करून टाकली.

माहिती चोरीला जाणे हा एक धोका, ती नष्ट होणे हा दुसरा, आणि दुसऱ्याकडे होणारे दुर्लक्ष अधिक महागात पडते. कोड स्पेसेस ही कंपनी इतर कंपन्यांचे सॉफ्टवेअर सांभाळण्याचा व्यवसाय करीत होती. जून २०१४ मध्ये एका हल्लेखोराने तिच्या ॲमेझॉनवरील नियंत्रण-पटलात शिरून खंडणी मागितली, कंपनीने त्याला हुसकण्याचा प्रयत्न करताच त्याने बारा तासांच्या आत बहुतेक माहिती आणि तिच्या राखीव प्रती पुसल्या, आणि कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. राखीव प्रती होत्या, पण त्या त्याच नियंत्रण-पटलाच्या आवाक्यात होत्या. डेन्मार्कमधील क्लाउडनॉर्डिक या पुरवठादाराचे ऑगस्ट २०२३ मध्ये असेच झाले. यंत्रे एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवताना अंतर्गत जाळे जोडले गेले आणि खंडणीखोर सॉफ्टवेअर राखीव प्रतींपर्यंत पोहोचले. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीची एक इमारत १० मार्च २०२१ रोजी आगीत खाक झाली तेव्हा काही ग्राहकांच्या मूळ आणि राखीव प्रती एकाच आवारात असल्याचे उघड झाले.

याउलट युनिसुपर या ऑस्ट्रेलियातील सेवानिवृत्ती निधीचे उदाहरण आहे. मे २०२४ मध्ये गूगलच्या बाजूने झालेल्या मांडणीतील चुकीमुळे या निधीचा संपूर्ण खासगी क्लाउड पुसला गेला, आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीही त्याबरोबर गेल्या, कारण दोन्ही एकाच खात्याखाली होत्या. सहा लाखांहून अधिक सभासदांना काही दिवस आपले खाते पाहता आले नाही; परंतु निधीने दुसऱ्याच कंपनीकडे स्वतंत्र राखीव प्रती ठेवल्या होत्या आणि त्यांच्या मदतीने कारभार पुन्हा उभा राहिला. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दूरच्या ठिकाणी, असा एक जुना संकेत आहे. क्लाउडच्या काळात ‘दूर’ या शब्दात वेगळे खाते, वेगळे प्रशासक आणि शक्य तर वेगळा पुरवठादार हेही धरावे लागते. ठरावीक मुदतीपर्यंत प्रशासकालाही पुसता येणार नाही अशी अपरिवर्तनीय प्रत ठेवण्याची सोय आता बहुतेक मोठ्या सेवांत आहे आणि खंडणीखोरांविरुद्ध तिच्याइतका खात्रीचा उपाय क्वचितच सापडेल.

भारतात कायद्याने ही कर्तव्ये हळूहळू बंधनकारक केली आहेत. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयी दिलेल्या निर्देशांत क्लाउडचा स्वतंत्र विचार केला. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्याने, माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारी संस्थाच तिच्या रक्षणाला जबाबदार धरली आहे, मग प्रत्यक्ष प्रक्रिया तिच्या वतीने दुसरी कोणी कंपनी करीत असली तरी. वाजवी संरक्षणात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सामायिक जबाबदारीच्या करारात जी गोष्ट बारीक अक्षरांत होती ती या कायद्याने ठळक केली.

मोठ्या बँका या तरतुदी पाळण्यासाठी स्वतंत्र विभाग नेमू शकतात. तालुक्याच्या ठिकाणची पतसंस्था, छोटे रुग्णालय किंवा शाळा यांना ते परवडत नाही, आणि त्यांच्याकडील माहिती मात्र तितकीच नाजूक असते. अशा संस्थांनी सर्व काही एकाच वेळी करू पाहण्यापेक्षा प्रशासकीय खाती दोन-तीन माणसांपुरती मर्यादित करून त्यांवर पासकी सक्तीची करावी, नोकरी सोडून गेलेल्यांची आणि संगणक बसवून देणाऱ्या विक्रेत्याची खाती बंद झाल्याची खातरजमा करावी, साठवणीचा कोणताही कप्पा सार्वजनिक नाही हे पाहावे आणि एक अपरिवर्तनीय प्रत वेगळ्या खात्यात ठेवावी. यांतील बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा चिकाटी अधिक लागते. त्यानंतर, निदान वर्षातून एकदा, त्या राखीव प्रतीतून संपूर्ण प्रणाली कोऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उभी करून पाहावी आणि तिला किती तास लागले याची नोंद संचालक मंडळापुढे ठेवावी, कारण काउंटरसमोर थांबलेल्या ठेवीदारांना हल्ल्याच्या दिवशी काय सांगता येईल ते त्याच आकड्यावर ठरते.